देशमुखांची विहीर

चैत्रातल्या उन्हात दहा-बारा भाविक गोदावरीचं पाणी कावडीत घेऊन शंभू महादेवाच्या डोंगराकडे पायी निघाले होते. कावडीतलं पाणी देवाचं, त्याला तोंड लावायचं नाही, आणि वाटेतले ओढे आटलेले. एका गावाशी येईतो कावड वाहणारा सटवाजी भोवळ येऊन खाली बसला. समोरच देशमुखांची विहीर होती. पण देशमुख पोहऱ्याचा दोर मांडीखाली दाबून काठावर बसले होते.

“पाणी देईन,” मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, “पण आधी सांगा, मोठा कोण? खांद्यावर पाणी असून तहानलेलं ठेवणारा तुमचा देव, की पाणी पाजणारा मी?”

देव मोठा म्हणावं तर पाणी जाणार, देशमुख मोठे म्हणावं तर यात्रा वाया जाणार. शेवटी भाविकांमधली सगुणाआजी पुढे आली.

“मालक, देव पाणी देतो, पण दिसत नाही. तुम्ही मघापासून दिसताय, पण पाणी काही दिसत नाही.”

मळ्यातले गडी खो खो हसले. देशमुखही ओशाळून हसले आणि स्वतःच उठून पाणी शेंदू लागले. सगळ्यांची तहान भागेपर्यंत ते घामाघूम झाले होते, आणि मोठा कोण हे पुन्हा विचारायचं त्यांना भानच उरलं नव्हतं.