दोनदा मागून घेतलेली भाजी

एका डोंगराळ गावात एक सासू होती. तिच्या हाताला अशी चव होती की लग्नकार्यात आमटी पंगतीत जाण्याआधी तिच्या तळहातावर यायची. तिनं मान डोलावली की मगच पानं मांडली जायची. या मानाची तिला इतकी सवय झाली होती की आपलं काही चुकू शकतं, हेच ती विसरून गेली होती.

तिच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. सुनेचे वडील दूरच्या एका थंड गावात, साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. त्यांनी लेकीला निघताना चिमूटभर बी पुरचुंडीत बांधून दिलं होतं. साहेब लोक त्या भाजीला ब्रसेल्स स्प्राउट म्हणत. गुडघ्याच्या वर जाणारा एक जाड दांडा आणि त्याला पानांच्या बगलेत चिकटलेले आवळ्याएवढे कोबीचे गड्डे. गावानं त्याचं नाव पाडलं आवळाकोबी.

सुनेनं भादव्यात वाफा केला, रोपं परसात लावली, न्हाणीचं पाणी वळवून दिलं. पानांवरच्या अळ्या रोज हातानं वेचल्या. चार महिन्यांनी, कडाक्याची थंडी पडल्यावर, तिनं पहिली परडी भरून सासूपुढे ठेवली.

"आई, आज मी करू?"

"या चुलीवर भाजी मी करते," सासू म्हणाली.

सासूनं गड्डे भरपूर पाण्यात टाकले, चिमूटभर सोडा घातला आणि झाकण ठेवून तासभर शिजवले. घरभर उग्र वास सुटला. भाजी राखेच्या रंगाची झाली आणि अशी कडू, की मुलानं पहिलाच घास पानाबाहेर काढून ठेवला.

"तुझ्या माहेरचं पीक दिसतंय खरं!" सासू म्हणाली.

सून हळूच म्हणाली, "आई, ती फार शिजली की कडवट होते. दोन फाकी करून नुसती तेलावर…"

"आता तू मला स्वयंपाक शिकवणार?"

मुलानं खाली मान घालून भाताला हात घातला. त्या दिवसापासून आवळाकोबीला घरात बंदी झाली.

सुनेनं झाडं मात्र उपटली नाहीत. गड्डे तयार होत तसे ती शेजारच्या कुंभारणीला देऊ लागली.

आठवड्याभरानं सासू माठ आणायला कुंभारणीकडे गेली. दुपारची वेळ होती. कुंभारणीनं आग्रह करून तिला जेवायला बसवलं. ताटात भाकरी होती आणि लसणावर परतलेली, कडा खरपूस झालेली, वरून दाण्याचं कूट पेरलेली कसलीशी भाजी. सासूनं घास घेतला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तिनं भाजी मागून घेतली. परत एकदा मागून घेतली.

"कसली गं ही?"

"तुमच्याच परसातली, काकू. आवळाकोबी. कशी करायची तेही तुमच्या सुनेनंच सांगितलं."

हातातला घास सासूनं कसाबसा गिळला. माठ कमरेवर घेऊन ती घराकडे निघाली तेव्हा तिच्या मनात एकच विचार होता: 'चांगली असते गं तुझी भाजी.' एवढंच तर म्हणायचं! दारापर्यंत ते तिच्या ओठांवर होतं.

सून पीठ मळत होती. "एवढा उशीर झाला, म्हणजे कुंभारीणकाकूंनी जेवू घातलं ना? आवळाकोबीच केली असणार त्यांनी." तिचे हात परातीत थांबले. "कशी झाली होती, आई?"

सासूनं तिच्या चेहऱ्यावरची आशा पाहिली. आणि मग तिला पंगती आठवल्या, तळहातावरची आमटी आठवली.

"कडू," ती म्हणाली. "तोंडात घालवेना."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुंभारीण सुनेला म्हणाली, "तुझ्या सासूबाईंनी काल दोनदा भाजी मागून घेतली हो!"

सून घरी आली. भांडली नाही, रडली नाही. तिनं सगळी झाडं मुळासकट उपटून गाईपुढे टाकली. त्यानंतर तिनं "कशी झाली?" असं कधी कुणाला विचारलं नाही. सासू सांगेल ते, सांगेल तितकं मीठ घालून ती रांधत राहिली.

बरीच वर्षं गेली. सासूचे हात कापू लागले, चूल सुनेकडे आली. घरात गोडधोड व्हायचं, पण दोघींचं बोलणं 'वाढू का' आणि 'पुरे' एवढंच उरलं होतं. एका थंडीत सासूला राहवेना.

"ती आवळाकोबी लाव ना गं परत."

"बी उरलं नाही, आई. आणि बी देणारे वडीलही आता नाहीत."

सासू म्हणाली, "तेव्हा मी खोटं बोलले होते. कुंभारणीकडची भाजी फार छान झाली होती."

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," सून म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून पुष्कळ दिवस वाट पाहिली."

तिनं भातावर झाकण ठेवलं, सासूचं पान वाढलं आणि पाणी भरायला निघून गेली. सासू एकटीच पानावर बसून राहिली.

तात्पर्य: आपला मान राखण्यासाठी दुसऱ्याच्या कष्टाला नावं ठेवू नयेत. कौतुकाचा शब्द वेळेवर दिला नाही, तर पुढे तो घेणारं कुणी उरत नाही.