खंडूचा काटा

त्या राज्यात सीमा साळिंदरांच्या हवाली होती, आणि साळिंदरांची बिळं खवलेमांजरांच्या.

पूर्वी बिळं राज्य स्वतः खणून देई. पुढे कुणाच्या तरी मनात आलं, की खणणं हे खणणाऱ्यांचं काम. तेव्हापासून टेकडीच्या उतारावरची सगळी बिळं खवलेमांजरांकडे गेली. दर पौर्णिमेला सीमेवरच्या प्रत्येक पहारेकऱ्याच्या पाठीतून बारा काटे उपटून घेतले जात. ते बिळाचं भाडं. हेच काटे भिंतींत आणि छतात आधाराला रोवले जातात, असं खवलेमांजरं सांगत. काटे काय, पुन्हा उगवतात.

भिवरीचा नवरा खंडू बाभूळबनाच्या सीमेवर असे. लेक ठकी अजून मऊ काट्यांची. त्यांच्या बिळाची उगवतीची भिंत बारमाही ओली होती. तिच्यावर काळी बुरशी चढे आणि ठकीच्या छातीत शिट्टी वाजे. भिवरीने तक्रार केली. एक खवलेमांजर आलं, बुरशीवर पळसाचं पान चिकटवून काम झालं म्हणालं. तिने पान उचलून दाखवलं, तेव्हा त्याने अंगाचं वेटोळं केलं. खवलेमांजराला प्रश्न विचारला की ते वेटोळं करतं, आणि वेटोळ्याला कान नसतात.

खंडू रजेवर आला की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवी. दर खेपेला पाठ विरळ झालेली असे. तो हसून म्हणे, “बरं आहे की, वारा लागतो.” मग ठकीला पोटाशी घेऊन निजे आणि तिचा श्वास ऐकत राही. जाताना तो भिंतीला हात लावून बघे आणि हात पुसे.

वर्षातून एकदा सेनापती गवा बिळांची पाहणी करायला येई. आदल्या दिवशी घरोघरच्या बायका तांबड्या मातीने भिंती लिंपत आणि बोटांनी त्यावर लाटा ओढत. पहारेकऱ्याचं घर मळकं दिसता कामा नये, ही त्यांची रीत. खवलेमांजरांनी ती कधी सांगितली नव्हती. त्यांना सांगावीच लागली नाही.

त्या वर्षी भिवरीने ठरवलं, लिंपायचं नाही. गव्याला बुरशी दिसू दे. शेजारच्या बिळातली आनसाक्का मातीचं टोपलं घेऊन आत आली. तीस वर्षं त्या उतारावर काढलेली, नवरा सीमेवरच गेलेला, आता लेक पहाऱ्यावर म्हणून बीळ टिकलेलं. काळी भिंत बघून ती दारातच थबकली.

“तुझा नवरा तिकडे छाती काढून उभा, आणि तू इकडे त्याची अब्रू टांगून ठेवणार?”

“आक्का, पोरीला श्वास पुरत नाही.”

“माझीही चार याच भिंतीला टेकून वाढली. दोन राहिली.” एवढं बोलून तिने टोपलं खाली ठेवलं आणि स्वतःच लिंपायला बसली. म्हाताऱ्या बाईला एकटीला कसं राबू द्यायचं? भिवरीनेही मातीत हात घातला.

दुसऱ्या दिवशी गव्याने बिळाच्या तोंडाशी नाक आणलं. नव्या मातीचा वास त्याने मनापासून घेतला आणि आमच्या वेळी असं काही नव्हतं, असं तो म्हणाला. भिवरी धीर करून पुढे झाली.

“साहेब, भिंत ओली आहे.”

“कालच लिंपलीय ना, बाई? ओली असणारच.”

मागे उभी खवलेमांजरं हसली. गवा पुढच्या बिळाकडे वळला.

त्यानंतरच्या दुसऱ्या पौर्णिमेला काटे उपटून झाले, आणि चार दिवसांनी बाभूळबनात बिबट्या आला. साळिंदर शत्रूकडे पाठ फिरवून लढतं. खंडूनेही पाठ फिरवली.

पाठीवर उरलेल्यांतला एक काटा घरी आला. त्याच्याबरोबर निरोपही आला: बीळ पहारेकऱ्यांसाठी आहे. पौर्णिमेच्या आत मोकळं करावं. जाताना भिंत लिंपून द्यावी.

शेवटच्या दिवशी बिळाबाहेर नव्या पहारेकऱ्याची बायको येऊन थांबली होती, पाठीशी पिल्लू. ठकी तिच्याजवळ बसून खोकत होती. भिवरीने माती कालवली. लिंपण्याआधी सुटलेले पोपडे काढावे, म्हणून खंडूचाच काटा हातात घेतला.

पोपडा पडला. खाली लाटा होत्या, तिच्या स्वतःच्या बोटांच्या. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या, लहान बोटांच्या. त्याखाली आणखी कुणाच्या. तिने खरवडायचं थांबवलं नाही. आता दगड लागेल, आता रोवलेले काटे लागतील. थरामागून थर, प्रत्येकावर बोटं. काटा आत जात राहिला आणि शेवटी अलगद पलीकडे निघाला.

पलीकडे आनसाक्का आपली भिंत सारवत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला.

“भिवरे, हा खंडूचा ना गं?”

“हो आक्का. या भिंतीतला पहिलाच.”

भिवरीने काटा तिथेच ठेवला, कालवलेली माती बाहेर ओतली आणि ठकीचा हात धरला. नवी बाई काही विचारणार, एवढ्यात शेजारच्या बिळातून आवाज येऊ लागला. आनसाक्का दोन्ही हातांच्या नखांनी, तीस वर्षांचे थर उपसत, आपल्या भिंतीत आपल्या नवऱ्याचे काटे शोधत होती.