दोन दमांचं शिंग

लहानपणी मी एक आवाज ऐकायचो. डोंगरावरून येणाऱ्या शिंगाचा. लांबच लांब, कुठेही न तुटणारा. तो आला की आमच्याकडची म्हातारी माणसं एका शिंगवाल्याची गोष्ट सांगत. तीच आज सांगतो.

फार जुन्या काळी एका दरीच्या काठी एक गाव होतं. सांजेला दरीत धुकं भरे. मग शिंगवाला टेकडीवर चढे आणि शिंग फुंके. त्या आवाजाच्या रोखाने गुरं घरी येत. शिंग एका दमाचंच हवं, मध्ये तुटलं तर ते शिंगच नव्हे, असा त्या गावचा रिवाज होता.

एका हिवाळ्यात शिंगवाल्याला चढताना दम लागू लागला. सकाळी खोकला येई.

"अलीकडे टेकडी वाढलीय," तो बायकोला म्हणाला.

"वाढेल नाही तर काय! तुमच्या चिलमीची राख रोज तिच्यावरच पडते ना."

त्या गावात एक समजूत होती, की देव माणसाला श्वास मोजून देतो. शिंगवाल्याला वाटलं, आपण आपले श्वास शिंगात उधळले, आता जपून वापरावेत. म्हणून त्याने टेकडी सोडली आणि तो ओट्यावर बसला. पाणी बायको आणी, लाकडं बायको फोडी. चिलीम तेवढी सुटली नाही. बसून बसून दम आणखी आखूड झाला. टेकडीवर लागायचा, तो विहिरीपाशीच लागू लागला.

गुराखी घसा फोडून हाका मारत. धुक्यात वासरं चुकत. शेवटी पाटील आले. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबतो, बाबा. मग शिंग दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल."

शिंग खुंटीवर होतं. सांज झाली की शिंगवाल्याचे ओठ आपोआप जुळत. टेकडीकडे बघवत नसे, आणि बघितल्यावाचून राहवतही नसे.

बायकोने वैदीण आजीला आणलं. आजीने त्याच्या पाठीला कान लावला.

"लोहाराचा भाता नुसता पडून राहिला तर काय होतं रे?"

"कातडं ताठतं."

"आणि धुरात टांगला तर?"

शिंगवाल्याने चिलीम हळूच मांडीखाली सरकवली.

"लपवू नकोस, वास येतोय," आजी हसली. "कातडं ताठलंय, पण फाटलेलं नाही. वेळेत बोलावलंत."

"मग मी पहिल्यासारखा होईन?"

"गेलेलं येत नाही, बाळा. उरलेलं राखता येतं."

तिने चिलीम चुलीत टाकायला लावली, आणि त्याला चुलीच्या धुरापासून लांब बसवलं. रोज थोडं चाल म्हणाली. दम लागण्याआधी थांब, ओठांचा चंबू कर, आणि श्वास असा सोड की समोरचा दिवा वाकेल पण विझणार नाही.

पहिले दिवस फार कठीण गेले. हात चिलीम शोधी. पोरं म्हणत, "शिंगवाले, गोगलगाय पुढे गेली बघा!" तो हसे, थांबे, श्वास सोडी, पुन्हा चाले. आधी विहीर, मग वड, मग टेकडीचा पायथा. थंडीच्या दिवशी छातीला घोंगडी गुंडाळी. कधी खोकला उसळे आणि पुन्हा विहिरीपासून सुरुवात करावी लागे.

दसऱ्याच्या सांजेला तो थांबत थांबत माथ्यावर पोहोचला. मागून आजीही काठी टेकत आली. त्याने शिंग ओठाला लावलं.

आवाज निघाला आणि मध्येच तुटला. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला, आणि उरलेला आवाज दुसऱ्या दमात फुंकला.

खाली सगळं गप्प होतं. मग धुक्यातून एक घंटा वाजली. मग दुसरी. गुरं येत होती. पाटलांनी खालून हात वर केला. शिंग त्याच्याकडेच राहिलं.

पण त्याचे कान अजून त्या जुन्या, न तुटणाऱ्या आवाजाकडे लागले होते.

"आजी," त्याने विचारलं, "कधीतरी एका दमात येईल का गं?"

आजीला खोटं बोलता येत नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि काठी टेकत टेकडी उतरून गेली.

तात्पर्य: गेलेल्या श्वासाची ओढ मनात असू द्यावी, पण पाऊल मात्र उरलेल्या श्वासाच्या चालीने टाकावं.