पिंप उतरवायचं राहिलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. राज्याच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे नाचणी भरपूर पिके. तिला मोड आणायचे, वाळवून भरडायची, शिजवायची आणि लाकडी पिंपात आंबत ठेवायची, असा घरोघरचा रिवाज होता. त्यातून होणारी सौम्य दारू सणासुदीला पाहुण्यांपुढे ठेवीत. मुलांनी लगेच हिरमुसून जाऊ नये. त्यांच्यासाठी गुळाचं पाणी असे.

या गावात एक तोटीवाला राहायचा. पिंपाच्या तळाशी लाकडी तोटी बसवणं आणि ती गळायला लागली की दुरुस्त करणं, हे त्याचं काम. लोक मात्र मोठे हुशार. तोटी गळू लागली की आधी बाहेरून मेण थापायचे, चिंध्या आवळायचे आणि सगळं करून थकले की मग याला बोलवायचे. हा येई, थापलेलं मेण नखाने खरवडून काढी आणि म्हणे, "जखम अंगाला आहे आणि तुम्ही मलम सदऱ्याला लावताय."

मग तो पिंप उतरवायला, म्हणजे रिकामं करायला सांगे. शेजारीपाजारी आपापली मडकी घासूनपुसून आणत आणि दारू त्यांत काढून घेत. रिकाम्या पिंपात हात घालून तो तोटीच्या मुळाशी चामड्याची नवी चकती बसवी. चकती आतूनच बसवावी लागे, कारण आतल्या दारूचा भार तिला लाकडावर दाबून धरतो. बाहेरून लावलेल्या लेपाला मात्र तोच भार ढकलून देतो. काम झालं की शेजारी दारू परत आणून ओतत. वाटेत कुणी घोटभर चाखली असेल, तर ते कुणी विचारत नसे.

तोटीवाल्याची एकुलती एक लेक घाटापलीकडे दिली होती. पीक निघालं की ती माहेरी येणार होती, म्हणून त्याच्या बायकोने पावसाच्या तोंडाशी एक पिंप भरलं. झाकण लावताना ती म्हणाली, "पोर आली की पहिला पेला तिला द्यायचा. तोवर तुम्ही हात लावायचा नाही."

पुढे पाऊस लागला, घाट बंद झाला आणि त्याच पावसात बायको तापाने फणफणली. लेकीला निरोप पाठवायला वाट नव्हती. आई गेली, तिला निरोप द्यायला सगळं गाव आलं, फक्त तिची लेक आली नाही.

त्या गावात एक समजूत होती. ज्याला शेवटची भेट मिळाली नाही, त्याने गेलेल्या माणसाच्या हातचं काहीतरी तोंडात घ्यायचं. मग भेट झाली असं मानत आणि रडणाऱ्याचं मन थाऱ्यावर येई. तोटीवाल्याच्या घरात बायकोच्या हातचं आता एवढंच होतं, ते पिंप. तो रोज त्याच्याजवळ बसे. लेक येईल, पेला भरून घेईल, एवढ्या एकाच विचारावर तो जगत होता.

आणि एके सकाळी त्याला तोटीखाली ओल दिसली.

त्याने बोट लावून पाहिलं. कुणी सांगायची गरजच नव्हती. आतलं चामडं कडक झालं होतं. दुसऱ्या कुणाचं पिंप असतं, तर त्याने दुपारच्या आत उतरवून घेतलं असतं.

शेजारीण दारात आली. तिनेच त्याच्या बायकोला अखेरचं पाणी पाजलं होतं. ती म्हणाली, "भावजी, उतरवून घ्या पिंप. माझी मडकी घासून ठेवलीत. दिवसभराचा तर प्रश्न आहे."

"नको वहिनी," तो म्हणाला. "तिच्या हातचं आहे ते. लोकांच्या मडक्यांत जायचं नाही."

"आम्ही लोक झालो का आता?"

बिचारी निघून गेली. मग त्याने तेच केलं, ज्यासाठी तो आयुष्यभर लोकांची थट्टा करीत आला होता. मेण वितळवलं, त्यात राळ घातली आणि तोटीभोवती जाड लेप दिला. थेंब थांबले. त्याला इतकं हायसं वाटलं, की तो लहान मुलासारखा रडला.

पण थांबले होते ते फक्त दिसणारे थेंब. लेपाच्या मागून वाट काढून दारू पिंपाच्या बुडाखाली उतरत होती. पिंप गवताच्या जाड थरावर ठेवलं होतं. गवत भिजत होतं आणि खालची माती पीत होती. घरात आंबट वास भरला. शेजारणीने येऊन सांगितलंही, "भावजी, वास वाढतोय." तो तिच्यावर खेकसला. दुसऱ्यांच्या पिंपावर टिचकी मारून तो आत किती उरलंय ते सांगत असे. आपल्या पिंपावर त्याने एकदाही टिचकी मारली नाही. त्याला भीती वाटत होती.

पीक निघालं, घाट मोकळा झाला, निरोप पोचला आणि लेक आली. तिने आईचं लुगडं छातीशी धरलं, चुलीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, आईनं माझ्यासाठी भरलंय ना काहीतरी? द्या मला."

तोटीवाल्याने पेला धरला आणि तोटी फिरवली. दोन-चार थेंब पडले. मग नुसती हवा आली.

त्याने घाईघाईने झाकण काढलं. तळाशी गाळ होता. लेकीने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. नासून गेलेलं ते कडू पाणी होतं. आईच्या हाताची चव त्यात कुठेच नव्हती. ती खाली बसली. बापाने मान खाली घालून तिला सगळं सांगितलं: लेप, शेजारणीची मडकी, आपला हट्ट.

तिने जिभेला लावलेलं बोट पदराला पुसलं. मग हळूच म्हणाली, "काकूंच्या मडक्यातून दिलं असतंत, तरी मला ते आईचंच लागलं असतं, बाबा."

ती चार दिवस राहिली. तिने बापाला एकही कडू शब्द ऐकवला नाही, त्याला रांधून वाढलं, त्याचे सदरे धुतले. पण तिची आईशी भेट झाली नाही ती नाहीच. उरलेल्या आयुष्यात तिला आईची आठवण आली, की तिचं मन थाऱ्यावर राहत नसे.

ती घाट चढून दिसेनाशी झाली, तेव्हा तोटीवाला घरात आला. त्याने लेप खरवडून काढला, रिकाम्या पिंपात हात घातला आणि चामड्याची नवी चकती बसवली. पाणी भरून पाहिलं. एक थेंबही गळला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, जे जिवापाड जपायचं, ते वेळेला दुसऱ्याच्या हाती सोपवायला जो तयार नसतो, त्याच्या हातीही ते राहत नाही.