हिवाळ्याचे कुरण

बाळांनो, इथून फार लांब, समुद्र ओलांडून गेले की बाल्कन नावाचे डोंगर लागतात. तिथल्या एका जंगलात रानशेळ्यांचा एक कळप राहत असे. त्यांची दोन कुरणे होती, एक डोंगरमाथ्यावर आणि दुसरे पायथ्याशी, नदीच्या कडेला. वरचे गवत राठ, खडकांच्या फटींतून ओरबाडून खावे लागे. खालचे लुसलुशीत, जिभेवर विरघळणारे. पण कळपाची रीत अशी होती की बर्फ वितळला की खालच्या कुरणातून जाताना एकेक घास घ्यायचा आणि मुकाट्याने डोंगर चढायचा. उन्हाळाभर वरचे राठ गवत खायचे. तोवर खालचे गवत पोटापर्यंत वाढायचे आणि उभ्या उभ्या वाळायचे. माथ्यावर बर्फ पडू लागला की कळप खाली उतरायचा, आणि ते वाळलेले गवत बर्फाखालून खुरांनी उकरून हिवाळा काढायचा.

कळपाच्या पुढे एक म्हातारी शेळी चालत असे. तिच्या मागोमाग तिची नात असे. एका वर्षी कळप असाच वर निघाला असताना मोठ्या शिंगांचा एक तरणा बोकड खालच्या कुरणात मधोमध थांबला.

"म्हातारे, जरा थांब," तो घास चघळत म्हणाला. "ही मऊ गादी सोडून वर दगड चाटायला का जायचं, ते तरी सांग."

"माझी आई जायची. तिची आई जायची."

"कोण जायचं ते नाही विचारलं. का जायचं ते विचारलं."

"नाही गेलो तर उपाशी मरू, असं आई सांगायची."

"तू पाहिलंस कोणाला मरताना?"

"नाही."

"तुझ्या आईनं?"

म्हातारीने थोडा विचार केला. "नाही बाबा. तिनंही नाही."

"ऐकलंत?" बोकड कळपाकडे वळला. "जे कोणी पाहिलंच नाही, त्याच्या भीतीनं आपण हिच्यामागे गुडघे फोडतोय!"

सगळा कळप हसला. आता बघा, कोणी पाहिले नव्हते हे खरेच होते. पण का पाहिले नव्हते? रीत कधी मोडलीच नव्हती म्हणून. म्हातारीला हे शब्दांत मांडता आले नाही. ती एकटीच चढणीला लागली आणि वळणावर तिने मागे पाहिले. नात खालीच उभी होती. तिला दिवस गेले होते, पोट जड झाले होते.

"आज्ये, यंदा नको गं," नात ओरडली. "मला नाही चढवत."

म्हातारी जशी गेली तशी उतरून आली.

तो उन्हाळा कळपाने मजेत काढला. आधी मिळेल ते खाल्ले. मग तीन पानांचे गोड गवत तेवढे वेचून खाऊ लागले. पुढे पुढे तर त्याची नुसती फुले खुडायची आणि बाकीचे तुडवायचे, त्यावर लोळायचे, लेंड्या टाकायच्या. वर ज्या गवताला सगळ्यांनी पक्वान्न म्हटले असते, ते तोंडात घेऊन पिल्ले थुंकू लागली. नातीला करडू झाले, तेही दूध पिऊन गुबगुबीत झाले. ती कौतुकाने म्हणाली, "आज्ये, बघ तर कसं गोल गोल झालंय!" म्हातारीने करडाला चाटले आणि त्याचे पाय पाहिले. "पायाला अजून दगड लागला नाही गं याच्या," एवढेच ती म्हणाली. खडकांवर घासून शेळ्यांचे खूर झिजतात आणि घट्ट राहतात. इथे मऊ मातीत सगळ्यांचे खूर वाढून पुढे वळले होते.

नदीकाठी एका मोठ्या दगडामागे गवताची एक पट्टी होती. म्हातारी तिथे कोणाला फिरकू देईना. स्वतः काटेरी झुडपे खायची आणि पट्टीत कोणी तोंड घातले तर शिंग मारायची.

"आजीबाईंनी वतन राखलंय!" बोकड म्हणायचा. "राखू द्या, राखू द्या. म्हातारपणी कोणाला काय सुचेल!"

थंडी पडू लागली तेव्हा कुरणात चिखल तेवढा उरला होता. तरीही बोकड घाबरला नाही. "वर सगळं गवत तसंच आहे. चला माझ्यामागून!" पण पहिल्याच कड्यावर त्याचे वाढलेले खूर घसरले. तो खाली आपटला, त्याचा पाय मोडला. वर तर बर्फ पडायलाही लागला होता. कळप माघारी फिरला. बोकड तिथेच ओरडत राहिला, आणि आभाळातून गिधाडे उतरू लागली.

मग बर्फ खालीही आला. शेळ्या जमीन उकरत, आणि खाली माती लागे. दिवसामागून दिवस त्या माती उकरत राहिल्या. शेवटी एकीला म्हातारीच्या पट्टीची आठवण झाली आणि सगळा कळप तिकडे धावला. म्हातारी शिंगे खाली करून आडवी उभी राहिली.

"हे माझ्या नातीचं आणि तिच्या करडाचं आहे!"

"आजी, पोट आम्हालाही आहे गं," एक शेळी रडत म्हणाली. आणि तेही खोटे नव्हते.

मायलेकरांचा हिवाळा ज्या गवतावर निघाला असता, ते दुपारच्या आत संपले. पोट कोणाचेच भरले नाही.

नातीचे दूध आटले. ती झाडांच्या साली सोलायला लांब लांब जाऊ लागली. करडू दगडामागे म्हातारीच्या पोटाशी पडून असायचे.

"पणजी, हिरवं कधी येणार?"

"झोप रे माझ्या राजा. झोपून उठलास की आलंच."

त्या झोपेतून दोघांपैकी कोणीच उठले नाही.

बर्फ वितळला तेव्हा हाडे निघालेल्या मोजक्या शेळ्या उरल्या होत्या. त्यांत नातही होती. गोठलेली जमीन उकरून उकरून त्यांचे खूर मात्र पुन्हा झिजले होते. खालच्या कुरणात हिरवे कोंब आले, अगदी दरवर्षीसारखे. एका पाटीने, तरण्या शेळीने, त्यात तोंड खुपसले, ते ती वर काढीना. नातीने तिला शिंगाने ढोसले.

"एकच घास. आता वर चल."

"का?" पाट कळवळून म्हणाली. "इतकं गवत आहे इथे! का जायचं?"

 नातीने कळप नदीकाठाने वळवला आणि त्या मोठ्या दगडाशी नेऊन उभा केला. दगडामागे हाडांचा एक मोठा सापळा होता आणि त्याच्या पोटाशी एक लहानगा.

पाटीने तोंडातला घास गिळला. मग सगळ्या जणी, पाठीला पोट लागलेले असताना, त्या हिरव्या गवतातून माना वर धरून चालत गेल्या आणि डोंगर चढू लागल्या.

तात्पर्य : भूक कोणी पाहिलेली नाही म्हणून भुकेला अडवणारी रीत मोडू नये. उद्यासाठी राखलेले आज चवीसाठी खाल्ले, तर उद्या शहाणपण येते, पण ते उपाशीपोटी येते आणि तोवर घरातली माणसे कमी झालेली असतात.