समोरच्या मल्लाचं नाव

जत्रेतल्या कुस्त्यांच्या आखाड्यावर ऑनलाइन जुगाराच्या ॲपचा फलक लावायचा का, यासाठी गावात सभा भरली. ॲपवाले मानसिंगराव शहरातून आले. त्यांची माणसं दारात उभी राहिली. त्यांतल्याच दोघांनी माझ्या भावाला ॲपवर हरलेल्या पैशांच्या वसुलीसाठी रस्त्यात अडवलं होतं. फलक लागला, तर तालमीतली सगळी पोरं त्याच्यासारखीच अडकणार, अशी मला भीती वाटत होती.

"जुगार कसला? तुमच्या कुस्तीसारखाच कौशल्याचा खेळ हा," मानसिंगराव हसले. "सरकारने या खेळाला परवाना दिला की वसुलीचे गुंड आपोआप हटतील."

तेव्हा मुलींना कुस्ती शिकवणारी माझी आत्या उठली.

"कुस्तीसारखाच ना, रावसाहेब? मग आमची रीत पाळा. जोड लावताना आम्ही दोन्ही मल्लांचं नाव, गाव आणि वस्ताद पुकारतो. तुमच्या ॲपवर आमच्या पोरांसमोर कोण उतरणार, ते माइकवर पुकारा. लगेच फलक लावू."

मानसिंगरावांनी दाराकडे पाहिलं. "तसं नाव सांगता येत नाही, बाई. वरून परवानगी नाही."

"मग तो वरचा वस्ताद कोण, तेवढं तरी पुकारा!"

मानसिंगरावांनी माइकला हात लावला नाही. सरपंचांनी फलक गुंडाळायला सांगितला.

आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. दारातली माणसं निघून जाईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.