कोरड्या नदीचा चातुर्मास

"आजारी कोण आहे? तुझा बाप की माझा?" धाकूबुवांनी विचारलं.

"माझा," जयराम म्हणाला.

"मग मला काय विचारतोस?"

"बुवा, चातुर्मास चाललाय. चार महिने नदी ओलांडायची नाही, हे व्रत तुम्हीच मला दिलंत. आणि बाबा नदीपलीकडे आहेत."



अंगणात जयरामची धाकटी बहीण कुंदा उभी होती. समुद्रकाठच्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामावर असते ती. तशीच कामाच्या कपड्यांत धावत आली होती. तिला घेऊन आलेली गाडी नदीच्या पलीकडच्या काठावर थांबली होती.

"डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या," ती म्हणाली. "बाबा सारखं दादाचं नाव घेतात."

जयरामनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी मठाच्या ओट्यावर बसलो होतो. गावच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. आता मठात येतो तो चहा प्यायला आणि बुवांशी वाद घालायला. ज्यांना आमचा देश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉरिशस हा हिंदी महासागरातला एक ठिपका आहे, विषुववृत्ताच्या खाली. नकाशावर तो शोधताना पोरांची बोटं पाण्यातच फिरत राहायची. कचेरीत इंग्रजी, पेपरात फ्रेंच, बाजारात क्रिओल, आणि आमच्यासारख्या मूठभर घरांत देवापुढं मराठी. आमचे पूर्वज कोकणातून करारावर ऊस तोडायला आले. येताना सोबत काय आणलं? देव आणले, जेवणाची चव आणली. आणि पंचांग आणलं, ते मात्र इथं उलटं बसलं.

"मास्तर," बुवा माझ्याकडं वळले, "आपल्याकडं पाऊस कधी पडतो?"

"जानेवारी ते मार्च. वादळंही तेव्हाच येतात. आणि आपलं हे पश्चिमेचं अंग तर मुळातच कोरडं. वारे आग्नेयेकडून येतात, मधला डोंगराळ भाग त्यांचं पाणी आधीच..."

"पुरे हो! परीक्षा नाही चालली. आत्ता कुठला महिना?"

"श्रावण. म्हणजे ऑगस्ट. आपला हिवाळा. ऊसतोडणीची धांदल चाललीय सगळीकडं."

"नदीत पाणी किती?"

"बकरीचा खूरसुद्धा भिजायचा नाही."

बुवांनी जयरामकडं पाहिलं.

"प्रश्न पाण्याचा नाही, बुवा," जयराम म्हणाला. "शब्दाचा आहे. व्रत घेतलं म्हणजे घेतलं."

काय तो ताठा! या मठात आल्यापासून पोरानं उपास असे केले की बुवांनाच आपलं जेवण चोरून जेवल्यासारखं वाटावं. मला चीड आली. व्रत कसलं डोंबलाचं? राग होता तो, आणि सगळ्या गावाला ठाऊक होता.

त्याच्या बापाचं, हिरूचं, समुद्राकडं उसाचं शेत होतं. पणज्यानं काळे दगड उचलून उचलून मोकळं केलेलं. मग साखर कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. ऊस न्यायचा कुठं? हिरूनं शेत विकलं. आज तिथं परदेशी लोकांचे बंगले आहेत, प्रत्येकाला निळी पोहायची टाकी. समुद्र हाकेवर असताना यांना टाकी कशाला लागते, देव जाणे. करार झाला त्या दिवशी जयराम घर सोडून मठात आला, तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

"जयराम," बुवा म्हणाले, "आपण हा चातुर्मास का पाळतो?"

"शास्त्रात सांगितलंय. पावसात वाटा बंद होतात, पायाखाली जीव मरतात, म्हणून साधूनं..."

"शास्त्र राहू दे. इथं का पाळतो?"



"माझा आज्या भिवा," बुवा सांगू लागले. "रत्नागिरीकडचा. जहाजावर चढला तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला होता त्याचा. आज्या बापाला म्हणाला, औंदाचा पाऊस सरला की परत येतो."

"मग?"

"मग काय? करार होता. करार संपला तेव्हा बायको होती. मग पोरं झाली. आषाढ लागला की आज्या आम्हां पोरांना छपरावर घागरी ओतायला लावायचा. गवताचं छप्पर, पागोळ्या गळायच्या. खाली हा डोळे मिटून बसायचा. म्हणायचा, धाक्या, बघ केवढा पाऊस लागलाय. खाडी फुगली असेल. वाट बंद झाली रे... आता कसा जाऊ घरी?"

बुवांनी बोट वर केलं.

"आभाळ असं, आत्ता आहे तसं. निळंशार."



तो कोकणातला पाऊस मी जन्मात पाहिलेला नाही. तरी त्याची आठवण येते मला. पागोळ्यांचा आवाज, ओल्या गवताचा वास, सगळं येतं. कशी येते ही आठवण, भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात सांगितलेलं नाही.

"आणि बाकीचे आठ महिने?" मीच विचारलं.

"बाकीचे आठ महिने," बुवा म्हणाले, "आज्या बोलायचाच नाही."

...

"म्हणजे तुमच्या आजोबांचं व्रत खोटं होतं?" जयरामनं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"खोटं कसं म्हणू? मी जन्मभर पाळलं ते. या महिन्यांत ही नदी कधी ओलांडली नाही. सख्ख्या पुतण्याच्या बारशालासुद्धा गेलो नाही. चातुर्मास आला की मला आज्या जवळ असल्यासारखा वाटतो. एवढंच सुख आहे मला."

असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि उठले.

अंगण ओलांडलं. बांधावरून खाली उतरले. मला वाटलं, आंघोळीच्या कुंडाकडं निघाले असतील. पण ते सरळ नदीच्या पात्रात शिरले.

"बुवा!" जयराम ओरडला. "अहो बुवा, चातुर्मास!"

म्हातारा थांबला नाही. एकेका दगडावर काठी टेकत, धापा टाकत निघाला. मध्यावर पाय सटकला. कुंदा धावली, पण त्यांनी हातानंच तिला थांबवलं. पलीकडचा काठ चढायला त्यांना बराच वेळ लागला.

वर पोचले आणि वळले.

"ये," ते म्हणाले. "मी आहे इकडं."

जयराम पात्राच्या कडेपर्यंत गेला. तिथंच उभा राहिला.

"बुवा, मी बाबांना बोललोय!" तो एकदम ओरडला. "तोंडावर बोललोय, तुमच्या तिरडीलासुद्धा येणार नाही!"

आत्ता कुठं खरं बाहेर पडलं.

कुंदाला हे ठाऊक नव्हतं.

उसाची एक गाडी लांबून खडखडत गेली.

"तिरडी अजून बांधलेली नाही," बुवा म्हणाले. "चल."

जयरामनं हुंदका दिला. मग नदी पार केली त्यानं, धावत, ठेचकाळत, लहान पोरासारखा मोठ्यानं रडत. कुंदा मागोमाग. काठावर त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकायचा प्रयत्न केला, तर बुवांनी त्याला दंडाला धरून गाडीकडं ढकललं.

"इथं नको. तिकडं ठेव डोकं."

गाडी गेली. धूळ उडाली आणि हळूहळू खाली बसली.

मी डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, माझाही बाप मला आठवला. त्याची खोकल्याची उबळ, अंगाला येणारा काकवीचा वास. आता कुठल्या काठावर शोधू त्याला?

मी नदीकाठाशी आलो. पलीकडं बुवा एका काळ्या दगडावर टेकले होते. हिरूचं गाव तिथून दिसतं, त्या बाजूला तोंड करून. मला त्यांचं फार वाईट वाटलं. एवढं जपलेलं, एवढं एकच सुख, ते म्हाताऱ्यानं आपल्या हातानं मोडलं होतं.

"बुवा!" मी हाक मारली. "आता काय राहिलंय? मोडायचं ते मोडलं. या परत, चहा टाकतो!"

बुवांनी मान वळवली. दोघांच्या मध्ये कोरडे दगड होते आणि त्यांवर ऊन तापत होतं. त्यांनी त्या पात्राकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतलं...

"भलतंच काय सांगता, मास्तर!" ते म्हणाले. "माझं कांबळं तेवढं टाका इकडं. ऐन श्रावणात नदी ओलांडतं का कुणी?"